कील गावचा सदुसष्टावा

गाठीचा तुकडा तपासायला दिला की काही दिवसांनी जो कागद हाती येतो, त्यात पुष्कळदा एक छोटी ओळ असते. ‘की-६७ : २० टक्के.’ स्तनाच्या कर्करोगाच्या अहवालात तर ती बहुधा असतेच. घरातला शिकलेला माणूस कागद पुढे ओढतो, वरच्या ओळी कशाबशा लावतो आणि इथे येऊन अडतो. बाकीचे अवघड शब्द निदान कोशात सापडतात, हा कुठल्याच कोशात नाही. कुणाला ते औषधाचे नाव वाटते, कुणाला आजाराचा टप्पा, आणि टक्केवारी पाहून धसका घेणारे तर फारच.

हा शब्द म्हणजे खरे तर एक पत्ता आहे. ‘की’ म्हणजे उत्तर जर्मनीतले कील हे बंदराचे शहर, आणि सदुसष्ट म्हणजे प्रयोगशाळेतल्या ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीतला त्या क्रमांकाचा खळगा. त्या खळग्यात ज्या पेशी वाढत होत्या, त्यांनी तयार केलेल्या प्रतिपिंडाला, म्हणजे अँटीबॉडीला, हे नाव मिळाले. १९८३ साली योहानेस गेर्डेस, हाराल्ड श्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. हॉजकिन रोगाच्या पेशींची केंद्रके त्यांनी उंदरांना टोचली होती. त्यातून जी प्रतिपिंडे मिळाली, त्यांत सदुसष्टाव्या खळग्यातले प्रतिपिंड वेगळेच वागले. ते हॉजकिनच्या पेशींपुरते थांबले नाही. जिथे जिथे पेशी वाढीच्या कामाला लागल्या होत्या, तिथे तिथे त्यांच्या केंद्रकाला ते चिकटले आणि स्वस्थ बसलेल्या पेशींना त्याने हात लावला नाही. कोणत्या रेणूला ते चिकटते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. म्हणून गावाचे नाव आणि खळग्याचा क्रमांक जोडून काम भागवले. पुढे तो रेणू सापडला, तेव्हा त्यालाही प्रतिपिंडाचेच नाव चिकटले. ओळखणाऱ्याचे नाव ओळखल्या गेलेल्याला मिळाले.

आपल्याकडे ‘कील’ ऐकताच संस्कृतातला कील आठवतो. त्याच्यापासून मराठीत खीळ आली, खिळा आला. पण या शहराच्या नावाशी आपल्या खिळ्याला जोडू नये. नुसत्या कानाला सारखे लागणारे शब्द एका रक्ताचे नसतात, ही शब्दचर्चेची पहिली शिस्त. याच लेखात पुढे खरे नातलग शब्द भेटणार आहेत, त्यांची गंमत कळायची तर खोटे नातलग आधीच बाजूला केलेले बरे.

कील शहराचा या विषयाशी संबंध मात्र १९८३च्या पुष्कळ आधीचा आहे. वाल्टर फ्लेमिंग हे शरीररचनाशास्त्रज्ञ १८७६ पासून तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक होते. सॅलमँडर या उभयचर प्राण्याच्या अळ्यांचे कल्ले आणि पर घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. सॅलमँडरच्या पेशी मोठ्या असतात, म्हणून निवड त्याची. पेशीच्या आतले सगळे पारदर्शक, भिंगातून पाहूनही हाती फारसे लागत नसे. त्या काळात जर्मनीत डांबरापासून कृत्रिम रंग काढण्याचा उद्योग भरात आला होता. ते रंग फ्लेमिंग यांनी पेशींवर वापरले. केंद्रकातला काही भाग रंग जोमाने पिऊन घेत असे. त्याला त्यांनी ‘क्रोमाटिन’ म्हटले, ग्रीकमध्ये क्रोमा म्हणजे रंग. पेशी दुभंगायच्या वेळी या रंगीत द्रव्याचे धागे होतात, ते धागे उभे चिरतात आणि दोन बाजूंना जातात, हे त्यांनी पायरीपायरीने चितारले. १८८२ साली त्यांचा ग्रंथ आला आणि त्यात या सगळ्या प्रकाराला त्यांनी नाव दिले ‘मिटोझ’. इंग्रजीत ते मायटॉसिस झाले. ग्रीकमध्ये मिटोस म्हणजे धागा, त्यातही मागावर ताणलेला धागा.

मराठी पाठ्यपुस्तकांत याला ‘सूत्री विभाजन’ म्हणतात. ज्याने हा शब्द घडवला त्याने मुळाकडे नीट पाहिले होते. मिटोसला सूत्र. हे सूत्र मराठी माणसाच्या घरात जागोजागी आहे. मंगळसूत्रात आहे, सुतळीत आहे, नाटकाच्या सूत्रधारात आहे. सुतारही मूळचा सूत्रधारच, सूत धरून लाकडावर रेघ आखणारा. इतका रुळलेला शब्द विज्ञानाला मिळाला हे चांगले झाले.

आता गुणसूत्राकडे येऊ. फ्लेमिंग यांच्या धाग्यांना १८८८ साली वाल्डायर यांनी ‘क्रोमोसोम’ हे नाव दिले, रंगीत काया या अर्थाने. मराठीत त्याला ‘रंगसूत्र’ हाही शब्द आढळतो, पण टिकला तो ‘गुणसूत्र’. आईबापांचे गुण वाहून नेणारे सूत्र, असा अर्थ आपण लावतो आणि शब्द घडवणाऱ्याच्या मनातही तोच असणार. पण ‘गुण’ या शब्दाचा संस्कृतातला एक जुना अर्थच मुळी दोरा असा आहे. दोरीचा पीळ म्हणजे गुण, धनुष्याची दोरी म्हणजे गुण. तीन पिळांची दोरी ती त्रिगुण. पदरामागून पदर, असे म्हणता म्हणता गुण म्हणजे पट झाला आणि त्यातून गुणाकार आला. गुणसूत्र हा शब्द असा तिहेरी विणलेला आहे. त्यात दोरा आहे, वारशाने येणारा गुण आहे, आणि दुभंगून दुप्पट होणाऱ्या पेशीचा गुणाकारही आहे. रंगसूत्र हे नाव ती वस्तू कशी दिसली एवढेच सांगते. गुणसूत्र ती काय करते ते सांगते. मराठीने इथे मूळ जर्मन शब्दाच्या पुढे पाऊल टाकले, असे मी ठामपणे म्हणेन.

विणकामाची ही भाषा इथेच थांबत नाही. दुभंगणाऱ्या पेशीत गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे जे तंतू असतात, त्यांना पाठ्यपुस्तक ‘तुर्कतंतू’ म्हणते. मुलांना वाटते, तुर्कस्तानशी काही संबंध असावा. तो नाही. संस्कृतात तर्कु म्हणजे सूत कातायची चाती. इंग्रजीत त्या रचनेला चातीच म्हणतात, कारण तिचा आकार मधे फुगीर आणि टोकांना निमुळता असतो. ‘चातीतंतू’ असा शब्द केला असता तर चरखा पाहिलेल्या कुठल्याही घरात तो न शिकवता कळला असता, आणि तुर्कांनाही मधे यावे लागले नसते.

आणि ऊती. अनेक पेशी मिळून जी बनते ती ऊती, एवढे शाळेत सांगतात. ऊती म्हणजे विणणे, विणलेले वस्त्र. धातू ‘वे’, विणणे या अर्थाचा. त्याच धातूपासून ‘ओतप्रोत’ आले. भक्तीने ओतप्रोत भरलेला असे आपण म्हणतो, तेव्हा आडव्या-उभ्या धाग्यांनी विणून गेलेला असे म्हणत असतो. इंग्रजी टिश्यू लॅटिनमधल्या विणण्याच्या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे आला. ऊतींच्या शास्त्राचे ग्रीक नाव हिस्टॉलॉजी, त्यातला हिस्टोस म्हणजे माग आणि मागावरचे कापड. युरोपातल्या शास्त्रज्ञांना शरीर विणलेले दिसले आणि मराठीत शब्द घडवणाऱ्यांनी ते विणकाम उसवू दिले नाही.

‘पेशी’ची गोष्ट वेगळी. सुश्रुतसंहितेत माणसाच्या शरीरात ५०० पेशी सांगितल्या आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आजच्या भाषेत स्नायू. हिंदीत अजूनही पेशी म्हणजे स्नायू, आणि सेलला हिंदीत कोशिका म्हणतात. मराठीतही जुन्या शास्त्रीय लेखनात कोशिका भेटते, पण लोकांनी उचलला तो पेशी. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाच्या कापात जी रिकामी घरकुले पाहिली, त्यांना लॅटिनमधल्या खोलीवरून सेल हे नाव दिले होते. त्या दृष्टीने कोशिका मूळ अर्थाला जवळचा. तरी पेशी रुळला आहे आणि रुळलेल्या शब्दाला उगाच हुसकावू नये. कोर्टातली पेशी फारसीतून आलेली, ‘पेश’ म्हणजे पुढे, पेशव्यांचा पेश तोच. तिचा या पेशीशी काही संबंध नाही. केंद्रकातला ‘केंद्र’ मात्र खुद्द ग्रीकमधून संस्कृतात आलेला आहे. ज्योतिषाच्या ग्रंथांबरोबर ग्रीकांचा केंट्रॉन इकडे आला. केंट्रॉन म्हणजे टोचणी, बैलाला टोचायच्या पराणीचे टोक, आणि मग कंपासाचे वर्तुळाच्या मध्यावर रुतणारे टोक. म्हणजे गुणसूत्राच्या सांध्याला सेंट्रोमिअर म्हणा नाहीतर पेशीच्या मध्याला केंद्रक म्हणा, शब्द एकाच घरचे.

आता मुख्य शब्दाकडे, प्रतिपिंडाकडे.

१८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले, की धनुर्वाताचे विष पचवलेल्या जनावराच्या रक्तद्रवात त्या विषाला निकामी करणारे काहीतरी असते. ते काय असते हे माहीत नव्हते. १८९१ साली पॉल एर्लिश यांनी त्यासाठी ‘आन्टिक्योर्पर’ हा शब्द वापरला. जर्मनमध्ये क्योर्पर म्हणजे शरीर, पण त्या काळच्या रसायनशास्त्रात क्योर्पर म्हणजे पदार्थ, द्रव्य असाही अर्थ सर्रास चाले. प्रथिनांना तेव्हा जर्मनमध्ये ‘आयवाइसक्योर्पर’ म्हणत, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यासारखे द्रव्य. इंग्रजीने आन्टिक्योर्परचे शब्दशः ‘अँटीबॉडी’ केले, त्यात द्रव्याची छटा गेली आणि शरीर उरले. मराठीने त्या शरीराचा ‘पिंड’ केला. काही लेखकांनी ‘प्रतिद्रव्य’ असाही शब्द योजला आहे. त्यांच्या नकळत तो एर्लिश यांच्या मनातल्या अर्थाच्या जास्त जवळ जातो. तरी मी प्रतिपिंडाच्याच बाजूचा. एक तर प्रतिद्रव्य हा शब्द भौतिकशास्त्राने अँटीमॅटरसाठी घेतला आहे आणि एका शब्दावर दोन शास्त्रांनी हक्क सांगितला की वाचकाचे हाल होतात. दुसरे म्हणजे पिंड हा मराठीत फार समृद्ध शब्द आहे. श्राद्धातला पिंड, महादेवाची पिंडी, ‘पिंडी ते ब्रह्मांडी’, आणि ‘त्याचा पिंडच लढवय्याचा’ असे आपण म्हणतो तेव्हाचा पिंड, या सगळ्यांत घट्ट आकाराला आलेली वस्तू आणि तिचा स्वभाव अशा दोन्ही गोष्टी आहेत. प्रतिपिंडाचेही तसेच. त्याचा आकार हाच त्याचा स्वभाव. ज्या आकाराशी जुळते त्यालाच ते चिकटते.

खरी मौज ‘प्रति’ची आहे. ग्रीक ‘अँटी’त विरोध ठळक आहे. संस्कृत प्रतीत विरोध आहे, पण तेवढाच नाही. प्रतिकार, प्रतिस्पर्धी, साताऱ्यातले नाना पाटलांचे प्रतिसरकार, यांत तो आहे. प्रतिबिंबात नाही. तिथे प्रति म्हणजे समोरचे, जुळणारे. प्रतिसादात उत्तर आहे, प्रतिनिधीत जागा घेणे आहे, ग्रंथाच्या हस्तलिखित प्रतीत तर हुबेहूब नक्कल आहे. शरीरात शिरलेल्या जंतूशी लढणारे प्रतिपिंड प्रतिकारातले. पण प्रयोगशाळेत काचपट्टीवर सोडलेले प्रतिपिंड कुणाशी लढत नाही. ते फक्त ओळखते. तिथे ‘अँटी’ हा शब्द अडचणीचा ठरतो आणि ‘प्रति’ मोकळेपणाने दोन्हीकडे चालतो.

बाटल्यांवरची नावे पाहिली की हे पटेल. ‘गोट अँटी-माउस’ असे लेबल असते. मराठीत ‘शेळीचे उंदीरविरोधी’ केले तर ऐकणाऱ्याला शेळी आणि उंदीर यांचे भांडण डोळ्यांपुढे येईल. त्याचा अर्थ साधा आहे. उंदराची प्रतिपिंडे शेळीला टोचली, शेळीच्या शरीराने त्यांना ओळखणारी आपली प्रतिपिंडे बनवली, तीच या बाटलीत आहेत. आधी कुणी बनवले त्याचे नाव, मग अँटी, मग कुणाला ओळखते त्याचे नाव. ‘उंदीर-प्रतिपिंड ओळखणारे शेळीचे प्रतिपिंड’ असे लांबलचक का होईना, पण खरे लिहावे.

प्रतिजन हा शब्दही याच घरातला. १८९९ साली हंगेरियन शास्त्रज्ञ लाझ्लो डेत्रे यांनी ‘अँटीजेन’ शब्द आणला. जे प्रतिपिंडाला जन्म देते ते. यातला जेन आणि आपल्या जन् धातूतला जन हे एकाच कुळातले, खरेखुरे भाऊबंद. भाषांतर करताना मूळ धातूच हाती लागावा, असे भाग्य क्वचित मिळते.

‘मोनोक्लोनल’ला मराठीत अजून धड शब्द नाही. १९७५ साली केंब्रिजमध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी आणि मरण न जाणणारी कर्कपेशी यांचा संकर केला, आणि त्या एकाच संकरपेशीच्या वंशावळीतून एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे मिळू लागले. कीलचा सदुसष्टावा खळगा हे त्याच तंत्राचे फळ. क्लोन हा ग्रीक शब्द, अर्थ डहाळी. १९०३ साली वेबर यांनी तो फांदी छाटून लावलेल्या, एकाच मूळ झाडाच्या रोपांसाठी वापरात आणला. आपल्याकडे याला छाटकलम म्हणतात. कलम अरबीतून आले, अरबीत ग्रीकमधून, मूळ अर्थ बोरू. लिहायचे कलम, कायद्याचे कलम आणि आंब्याचे कलम सगळे त्या एका बोरूचे. ‘कलमी प्रतिपिंड’ म्हणायला मला आवडेल. कलमी आंबा म्हटले की मराठी माणसाला न सांगता कळते, की हे रायवळ नाही, प्रत्येक फळ एकाच जातीचे निघणार.

आता काचपट्टीपाशी थोडे थांबू. गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात. प्रयोगशाळेत त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. काप पाण्यावर तरंगवून पट्टीवर घ्यायचा, झायलीनने मेण उतरवायचे, मग अल्कोहोलच्या पायऱ्यांनी पाण्यापर्यंत आणायचे. तुकडा टिकवायला वापरलेल्या फॉर्मालिनने प्रथिने एकमेकांत जखडलेली असतात, म्हणून काप सायट्रेटच्या द्रावणात तापवून प्रतिजन मोकळा करावा लागतो. हे न जमल्यामुळे कीलचे मूळ प्रतिपिंड बरीच वर्षे गोठवलेल्या ताज्या कापांवरच चाले. १९९२ साली ‘एमआयबी-१’ हे नवे प्रतिपिंड आले, मायक्रोवेव्हमध्ये तापवण्याची युक्ती जोडीला आली, तेव्हा कपाटात वर्षानुवर्षे पडलेले मेणाचे ठोकळेही बोलू लागले. पहिले प्रतिपिंड घालायचे, धुवायचे. दुसरे घालायचे, त्याला विकर जोडलेले असते, पुन्हा धुवायचे. मग डॅब हे रसायन घातले की जिथे प्रतिपिंड बसले तिथे तपकिरी रंग उमटतो. उरलेली केंद्रके दिसावीत म्हणून हिमॅटॉक्सिलिनचा निळा हात फिरवतात. हे हिमॅटॉक्सिलिन म्हणजे ग्रीकमध्ये रक्त अधिक लाकूड. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाल गाभ्यातून ते काढतात.

भिंगाखाली मग निळ्या ठिपक्यांत तपकिरी ठिपके. काही केंद्रके गच्च भरलेली, काही फिकट, काहींत फक्त एक-दोन गडद टिंबे. मधेच एखादी पेशी अशी दिसते, की तपकिरी रंग आडव्या पट्टीत जमला आहे. ती मध्यावस्थेतली पेशी, गुणसूत्रे मधोमध रांगेत उभी. त्या पट्टीपाशी नजर थबकतेच. रंगकाम जमले की नाही हे कळायला शेजारी टॉन्सिलचा काप ठेवतात, त्यातली जननकेंद्रे गडद तपकिरी व्हायलाच हवीत. आणि मग मोजणी. स्तनाच्या गाठीत निदान ५००, शक्यतो १००० पेशी मोजाव्यात, असे या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०११ साली सुचवले. बर्किट लिंफोमा या कर्करोगात जवळजवळ प्रत्येक केंद्रक तपकिरी असते.

इथे शब्दांचा घोळ सुरू होतो. ‘विभाजन होणाऱ्या पेशी’ असे मराठीत आपण सरसकट लिहितो, पण त्या एका वाक्प्रयोगाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत आणि त्यांची प्रतिपिंडेही निरनिराळी आहेत.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी १९५०च्या सुमारास शेंगा येणाऱ्या एका रोपाच्या मुळांवर किरणोत्सारी फॉस्फरसचा प्रयोग केला. त्यात दिसले, की पेशी आपल्या डीएनएची नक्कल दुभंगायच्या वेळी करत नाही, कितीतरी आधी करते. नकलेच्या काळाला ‘एस’ म्हटले, सिंथेसिस म्हणजे घडण यावरून. दुभंगण्याचा काळ ‘एम’, मायटॉसिसचा. या दोहोंच्या मागेपुढे जे दोन काळ उरले, त्यांत काही होताना दिसले नाही, म्हणून त्यांना ‘जी’ म्हटले. जी म्हणजे गॅप, मधली मोकळी जागा. पुष्कळ विद्यार्थी, काही पुस्तकेसुद्धा, जी म्हणजे ‘ग्रोथ’ असे सांगतात. अर्थ सोयीचा आहे, इतिहास तसा नाही. आज ठाऊक आहे की पेशीचे मोठे निर्णय याच मोकळ्या म्हटलेल्या काळात होतात. चक्रातून बाहेर पडून स्वस्थ बसलेल्या पेशीच्या स्थितीला पुढे ‘जी-शून्य’ म्हणू लागले.

पेशी नक्कल करते आहे का, हे पाहायचे असेल तर बीआरडीयू. पेशीला डीएनएसाठी थायमिडीन लागते. त्याच्यासारखाच पण ब्रोमीन असलेला हा रेणू दिला, तर नकलेच्या कामात गुंतलेली पेशी तो उचलून धाग्यात गुंफते. १९८२ साली हॉवर्ड ग्रॅट्झनर यांनी त्याला ओळखणारे कलमी प्रतिपिंड प्रसिद्ध केले. त्याआधी किरणोत्सारी थायमिडीन द्यावे लागे आणि छायाचित्राचा लेप काळोखात आठवडेच्या आठवडे ठेवून वाट पाहावी लागे. पेशी आत्ता या घटकेला दुभंगते आहे का, हे पाहायचे तर हिस्टोन एच-३ या प्रथिनावर फॉस्फेट बसले की ते ओळखणारे प्रतिपिंड. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचे चक्र साधारण २४ तासांचे आणि त्यात दुभंगणे तासाभराचे, म्हणून या प्रतिपिंडाने रंगणाऱ्या पेशी नेहमीच थोड्या. आणि की-६७ सांगते ते तिसरेच. पेशी चक्रात आहे की बाहेर. १९८४ साली गेर्डेस यांनीच दाखवले, की दोन्ही ‘जी’, ‘एस’ आणि ‘एम’ या चारही काळांत ते दिसते आणि ‘जी-शून्य’त दिसत नाही. म्हणजे चक्रात आहे, नक्कल करते आहे आणि दुभंगते आहे ही तीन वेगळी विधाने झाली. मराठीत ती तीन वेगळ्या क्रियापदांनीच लिहायला हवीत.

नाव आधी आणि काम नंतर, याचे आणखी एक उदाहरण सांगतो. १९७८ साली ल्युपसच्या काही रुग्णांच्या रक्तात एक प्रतिपिंड सापडले. वाढणाऱ्या पेशींच्या केंद्रकाला ते चिकटे. कशाला चिकटते हे माहीत नसल्याने त्या रेणूचे नाव पडले ‘वाढत्या पेशींच्या केंद्रकातला प्रतिजन’, आद्याक्षरांनी पीसीएनए. पुढे कळले, की हा रेणू डीएनएच्या धाग्याभोवती कड्यासारखा बसतो आणि नक्कल करणाऱ्या विकराला धाग्यावर धरून ठेवतो. नाव बदलले नाही. आपल्याच शरीरावर उलटलेल्या प्रतिपिंडांच्या आजारातून ही ओळख झाली, एवढे त्या नावात कायमचे गोठले आहे.

की-६७चे काम तर फारच उशिरा उलगडले. हे प्रथिन नसेल तर पेशीला वाढताच येणार नाही, असा बहुतेकांचा समज होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या जनुकात बिघाड केलेले उंदीर चांगले वाढले. वाढीची खूण म्हणजे वाढीचे कारण नव्हे. त्याच वर्षी व्हिएन्नातल्या गटाने ते करते काय याचा एक मोठा भाग दाखवला. पेशी दुभंगताना हे लांबोडके प्रथिन एका टोकाने गुणसूत्राला चिकटते, दुसरे टोक बाहेर रोखते, आणि साबणाच्या रेणूंप्रमाणे पृष्ठभागावर दाट उभे राहून गुणसूत्रांना एकमेकांत चिकटू देत नाही. ते काढून घेतले की गुणसूत्रांचा एकच गोळा होतो. फ्लेमिंग यांनी १८८२ साली कीलमध्ये जे धागे सुटे सुटे पाहिले आणि ज्यांच्यावरून या क्रियेला नाव दिले, त्या धाग्यांना माणसाच्या पेशीत सुटे ठेवणारे प्रथिन कीलच्याच नावाने ओळखले जाते. हे कुणी ठरवून केलेले नाही. शब्दांच्या इतिहासात याहून सुंदर जुळणी माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून ‘की-६७’चे भाषांतर करू नये. ‘वाढ-दर्शक’, ‘विभाजनवेग’ असे शब्द अधूनमधून दिसतात, ते चुकीचे आहेत. हे प्रतिपिंड वेग मोजत नाही. शंभरातल्या २० पेशी चक्रात आहेत एवढेच ते सांगते. त्या चक्र किती वेळात पुरे करतात, त्यांतल्या किती मधेच मरतात, हे त्या आकड्यात नाही. शिवाय हा आकडा एकट्याने निकाल देत नाही. गाठ कोणत्या अवयवाची, कोणत्या जातीची, यावर त्याचा अर्थ ठरतो. स्तनाच्या गाठीतसुद्धा सीमारेषा कुठे आखावी यावर तज्ज्ञांचे मत बदलत आले आहे, आणि २०२१ साली त्या आंतरराष्ट्रीय गटाने म्हटले, की ५ टक्क्यांपर्यंत आणि ३० टक्क्यांपासून पुढे आकड्यावर विसंबता येते, मधल्या पट्ट्यात जपून. २० टक्के हा आकडा नेमका त्या मधल्या पट्ट्यातला.

पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना विनंती आहे. अहवाल इंग्रजीतच राहणार, हे मान्य. पण रुग्णाच्या हाती कागद देताना त्या ओळीखाली मराठीत एक वाक्य लिहिता येईल: ‘तपासलेल्या दर १०० कर्कपेशींपैकी २० पेशी विभाजनाच्या चक्रात आढळल्या, याचा अर्थ आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावा.’ यात अवघड शब्द एकही नाही.